जुन्या सुपरजेटचा हल पुन्हा उभा करताना: गॅरेजमधल्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार

आज यामाहा सुपरजेट घरी आली. उभं राहून चालवायची जेट स्की, एकट्या माणसासाठी. हल म्हणजे तिचं फायबरचं धड. मागे उघडा ट्रे, त्यात उभं राहायचं आणि पुढून वर-खाली होणाऱ्या दांड्याचं, म्हणजे पोलचं, हँडल धरायचं. मागच्या बाजूच्या हल नंबरात १२ अक्षरं-आकडे असतात, शेवटचे दोन मॉडेलचं वर्ष सांगतात. इथे ९६ आहे. म्हणजे गोल नाकाच्या हलचं पहिलंच वर्ष; १९९० ते १९९५ पर्यंतच्या सुपरजेटचं नाक चौकोनी होतं. इंजिन ७०१ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. विकणाऱ्याने सांगितलं, "इंजिन उत्तम आहे, फक्त थोडी जड वाटते."

ट्रेलरवरून उतरवताना आम्ही तिघे होतो, तरी मागची बाजू उचलताना दम लागला. अशी स्की कोरडी असताना साधारण १३० किलोची असते. ही तेवढी असणं शक्य नाही.

अमेरिकेत फीनिक्सजवळच्या आमच्या गावात घरोघरी दोन गाड्यांचं गॅरेज असतं. आमची एक गाडी आता एप्रिलपर्यंत बाहेर उन्हात उभी राहील. बायकोने होकार दिलाय, तारीख मात्र लिहून घेतलीय.

१३ ऑक्टोबर, रविवार

इंजिन, पाणी मागे फेकणारा पंप, दोघांना जोडणारा कपलर, एक्झॉस्टचा वॉटरबॉक्स, पोल, सगळं बाहेर काढलं. प्रत्येक बोल्टची पिशवी वेगळी, पिशवीवर नाव. इंजिन खरंच चांगलं आहे, दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळजवळ सारखं भरलं.

मग नुसता हल वजनाला घेतला. बाथरूममधले दोन वजनकाटे, एक नाकाखाली, एक शेपटीखाली, दोन्ही आकड्यांची बेरीज. लेकीने आकडे वाचले, मी लिहिले. नाक ३१.२, शेपूट ४५.३. एकूण ७६.५ किलो.

रिकामी शेपूट नाकापेक्षा १४ किलोने जड. तिथे ट्रेखाली फोम भरलेला असतो आणि फोमला वजन असं नसतंच. मग हे वजन कशाचं, ते उघड आहे.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी साडेसातला मालवणला आबाकाकांना फोन लावला. तिकडे रात्रीचे आठ, ते जेवून बसलेले. काकांनी तिथल्याच दांडीच्या किनाऱ्यावर तीस वर्षं होड्यांना फायबर मारलं. लाकडी होडीवर काचतंतूंची मॅट आणि ती कडक करणारं चिकट रेझिन चढवायचं, नाहीतर फायबरच्याच होडीला पडलेली चीर बुजवायची. लहानपणी मे महिन्यात मी त्यांच्या हाताखाली रोलर धुवायचो. तो रेझिनचा गोडसर उग्र वास अजून आठवतो.

त्यांना व्हिडिओवर हल दाखवला. वरचा लाल-पांढरा रंग मी कसा घासणार, कुठला लावणार, हे सांगायला लागलो. त्यांनी मध्येच अडवलं.

"आधी पाणी खंयसून गेला ता बघ रे. रंगाचा मगे."

मग एक नाणं घेतलं आणि ट्रे ठोकत गेलो. जिथे फायबर घट्ट आहे तिथे टणक, कोरडा आवाज येतो. सुटलेलं असेल तिथे बोदा. डाव्या टाचेच्या जागी हातभर पट्टा पूर्ण बोदा निघाला. वरची रबरी चटई खरवडून काढली, तर खाली चार स्क्रू. कोणीतरी पाय अडकवायचे पट्टे बसवण्यासाठी ट्रेला थेट भोकं पाडली होती. पट्टे गेले, चटई वरून चिकटवली, भोकं तशीच राहिली.

हा दोष कारखान्याचा नाही. ट्रे हे छप्पर आहे. छपराला भोक पाडलं की आढ्याखाली पाणी येणारच.

२६ ऑक्टोबर, शनिवार

ट्रे कापला. आठवडाभर मनाची तयारी चालली होती, कारण एकदा कापलं की माघार नाही. कडेने पाच सेंटिमीटरची पट्टी सोडून मधला तळ चौकोनी कापायचा. ती पट्टी पुढे हाच तुकडा परत बसवायला आधार म्हणून लागते. कापताना करवतीची खोली बेताची ठेवली, कारण खालून स्टिअरिंगची केबल आणि पाण्याच्या नळ्या जातात.

तुकडा उचलला आणि गॅरेजभर पाणथळीचा वास पसरला. वरचा फोम पिवळा, दोन बोटं खाली तपकिरी, तळाशी जवळजवळ काळा. मुठीत दाबला की स्पंजासारखं पाणी गळतं. पटाशी, जुनी करवत आणि भिंतीचा रंग खरवडायची पत्ती घेऊन संध्याकाळपर्यंत उपसत राहिलो. सगळं बादल्यांत भरून तोललं: १७.८ किलो.

आता हिशेब. ती पोकळी मी नंतर मापली, साधारण ४० लिटर. त्यात भरायचा फोम घनमीटरला ३२ किलोचा असतो, म्हणजे ४० लिटरला सव्वा किलोच्या आसपास. बाकीचं साडेसोळा किलो नुसतं पाणी. फोमच्या पेशी बंद असतात म्हणून तो पाणी पीत नाही, असं सगळे सांगतात. नव्या फोमबद्दल ते खरं आहे. पण वर्षानुवर्षं उड्यांचा मार बसून पेशी फुटतात, आणि पाणी एकदा आत शिरलं की बाहेर यायला वाट नसते. उन्हात ठेवून हा फोम वाळवता येईल, या आशेवर कोणी राहू नये. उपसूनच काढावा.

२ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळी. गॅरेज बंद. पोकळीत पंखा लावून ठेवलाय. इथल्या कोरड्या हवेचा हा एक मोठा आधार: मालवणात जे वाळायला पावसाळ्यानंतर महिना गेला असता, ते इथे आठवड्यात खडखडीत होतं.

९ नोव्हेंबर, शनिवार

चार भोकं सापडली म्हणून मी निश्चिंत होतो. काका निश्चिंत नव्हते. "एक भोक गावला म्हणान गप बसू नको. पाण्याक दुसरी वाट असता."

म्हणून पाण्याची परीक्षा. हल लाकडी घोड्यांवर सरळ ठेवला, खाली वर्तमानपत्र अंथरलं, ट्रेखालच्या पोकळीत १५ लिटर पाणी ओतलं आणि त्यात खाण्याचा लाल रंग मिसळला. पहिला तास काही नाही. दुसऱ्या तासाला उजव्या मागच्या कोपऱ्याखाली कागदावर रुपयाएवढा गुलाबी डाग. तासाभरात तो तळहाताएवढा झाला.

हा हल दोन भागांचा आहे, वरचं डेक आणि खालचा तळ, आणि ते दोन्ही कडेच्या सांध्यावर एकमेकांना चिकटवलेले असतात. त्या सांध्याच्या दोन बोटं खाली, रंगाच्या आड, जुनी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली होती. नखाने उचकटली तर पापडासारखी निघाली. आत बारा सेंटिमीटरची चीर. कधीतरी दगडावर आपटली असणार, आणि कोणीतरी वरवर लांबी भरून रंग मारला.

म्हणजे वरून भोकं आणि खालून चीर. नुसती भोकं बुजवून नवा फोम भरला असता तर दोन उन्हाळ्यांत पुन्हा याच जागी आलो असतो. पाणी काढून टाकलं, पंखा पुन्हा चालू.

केबलच्या नळीभोवतीही पाणी थोडं झिरपतं, तेही टिपून ठेवलंय.

२३ नोव्हेंबर, शनिवार

घासायचा दिवस. काका आणि मी या कामात पहिल्यांदा वेगळ्या वाटेला गेलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काकांच्या हातात आयुष्यभर पॉलिएस्टर रेझिन आणि तुकड्यांची मॅट राहिली. स्वस्त, लवकर सुकणारं, होडीला पुरेसं. पण हा हल हाताने थापलेला नाही. काचेचे तुकडे, पॉलिएस्टर आणि भरपूर चुनखडीची भुकटी यांची कणकेसारखी चादर तापलेल्या पोलादी साच्यात प्रचंड दाबाखाली दाबून तो बनवतात. त्याला एसएमसी म्हणतात. साच्यातून सुटून यावा म्हणून त्या चादरीतच मेणचट द्रव्य मिसळलेलं असतं. त्यामुळे पॉलिएस्टर या पृष्ठभागावर धड पकडत नाही. ती जुनी लांबी पापडासारखी निघाली, ती याचमुळे. इथे इपॉक्सी, म्हणजे जास्त घट्ट पकडणारं दुसरं रेझिन, तेच हवं.

आणि इपॉक्सी वापरायचं तर मॅटही बदलायला हवी. मॅटमधले तुकडे धरून ठेवणारा चिकटा पॉलिएस्टरमधल्या स्टायरिन या द्रावकात विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. मग मॅट ताठ राहते आणि कोपऱ्यात बसत नाही. मी शिवलेलं बायअ‍ॅक्सियल कापड आणलं, दोन्ही दिशांना ४५ अंशांत धागे, चौरस मीटरला ५८० ग्रॅमच्या आसपास.

काकांनी हे सगळं ऐकून घेतलं, चुनखडीच्या भुकटीबद्दल दोनदा विचारलं, आणि म्हणाले, "माका ह्या ठाऊक नाय. पण लांबी सुटली ना? मगे तुझा बरोबर असात."

चीर आतून आणि बाहेरून घासून उतार काढला. नियम असा की जाडीच्या बारा पट उतार द्यायचा. हल इथे चार मिलिमीटरचा आहे, म्हणजे चिरेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर. छोट्याशा चिरेसाठी एवढा भाग पातळ करताना हात धजत नाही. पण जोराचा भार नव्या कापडातून जुन्या हलमध्ये या उतारावरूनच जातो. उतार आखूड असेल तर तो तुकडा नुसता ठिगळ होतो.

धुळीची काळजी घ्यावीच लागते. पूर्ण गाळणीचा मास्क, चश्मा, लांब बाह्या, मनगटाला चिकटपट्टी. काचेची धूळ अंगाला लागली तर आधी थंड पाण्याने धुवायचं. नाहीतर खाज दिवसभर राहते. काका उघड्या अंगाने हे काम करायचे. आज ते खोकतात, आणि मला त्या तीस वर्षांच्या धुळीची आठवण होते. लेकीला घासायच्या दिवशी गॅरेजमध्ये येऊ देत नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

पहिले थर. वेस्ट सिस्टिमचं १०५ रेझिन आणि ते कडक करणारा २०६ हा संथ हार्डनर, पाचास एक. पंप मापात देतात तरी मी तराजूवर ताडून पाहतो. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर कमी-जास्त करून सुकण्याचा वेग बदलता येतो, आणि काकांचा हात त्यातच बसलेला. इपॉक्सीत ती मुभा नाही. प्रमाण चुकलं की ते कधीच पुरतं कडक होत नाही.

आधी उतारावर नुसतं रेझिन, मग खाचेत सिलिकाची भुकटी घालून घट्ट केलेलं, मग कापडाचे तीन थर, सर्वांत मोठा तुकडा आधी. वरून पील प्लाय, म्हणजे नंतर सोलून काढायचं नायलॉनचं कापड. आतल्या बाजूलाही तसंच, आणि डेक-तळाच्या सांध्यावर आतून हातभर पट्टी.

१ डिसेंबर, रविवार

सकाळी पील प्लाय सोललं. दिसायला सुरेख. नाणं ठोकलं तर सांध्यावरच्या पट्टीत, कोपऱ्यात, वीतभर बोदा आवाज. काटकोनात कापड वळत नाही, ते वर उचललं जातं आणि खाली हवा राहते. मला हे माहीत होतं. आधी कोपऱ्यात घट्ट रेझिनची गोलाई भरायला हवी होती, आणि मी ती बोटभराचीच भरली, घाई केली.

दुपारी ती वीतभर पट्टी ग्राइंडरने पूर्ण उडवली. कालचं सात तासांचं काम दोन तासांत धुळीला गेलं. वाईट वाटलं. पण ट्रे बंद झाल्यावर हा कोपरा पुन्हा कधीच दिसणार नाही, म्हणून तो आज बरोबर व्हायला हवा.

१४ डिसेंबर, शनिवार

कोपरा पुन्हा केला. या वेळी गोलाई अंगठ्याएवढी. आवाज आता सगळीकडे टणक. सुकलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो आधी पाण्याने आणि खरखरीत घासणीने धुवावा लागतो, मगच सँडपेपर मारायचा. नाहीतर पेपर तो थर आतच रगडतो. लाल पाण्याची परीक्षा पुन्हा घेतली. रात्रभर ठेवलं. कागद कोरडा.

११ जानेवारी २०२५, शनिवार

थंडी. पहाटे गॅरेजमध्ये आठ अंश, इपॉक्सी मधासारखं घट्ट. मोठं काही हाती घेतलं नाही. इंजिनाचे बोल्ट ज्यात बसतात त्या हलमधल्या धातूच्या आट्यांपैकी एक फिरत होती, ती काढून, खड्डा खरवडून, घट्ट इपॉक्सीत बसवली. केबलची जुनी नळीही बदलली, दोन्ही टोकांना कापडाची कॉलर. जागा जरा मोठी ठेवली, म्हणजे पुढे केबल बदलायची वेळ आली तर ट्रे कापावा लागणार नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

फोम ओतला.

ट्रे रिकामाच ठेवावा असं काही जण मानतात. उड्या मारणाऱ्यांना हलकी स्की हवी असते. मला ते पटत नाही. फोम दोन कामं करतो. ट्रेवर गुडघा आपटतो तेव्हा खालून आधार देतो. आणि हल फुटला तर ४० लिटर जागा पाण्याला मिळत नाही, म्हणजे जवळजवळ ३९ किलो तरंगवण्याची ताकद हातात राहते. तळ्याच्या मध्यावर इंजिनसकट ती बुडायला लागली तर हेच ३९ किलो कामाला येतील.

दोन द्रव समप्रमाणात, पंचवीस सेकंद जोरात ढवळायचे आणि लगेच ओतायचे. दुपारी तेवीस अंश होतं, तरी दोन्ही डबे कोमट पाण्यात ठेवून घेतले. थंड असताना फोम कमी फुगतो आणि जड होतो. चार वेळा थोडा थोडा ओतला, प्रत्येक वेळी वीस मिनिटं थांबून. एकदम ओतला तर आत उष्णता कोंडून तो जळकट होतो. उघड्यावरच भरला, वर आलेला भाग करवतीने सपाट कापला. याच्या वाफेत आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं, म्हणून दार उघडं, मास्क, आणि घरात जायचा दरवाजा बंद.

लेकीला काचेतून बघू दिलं. पुरीसारखा टम्म फुगतो, असं तिचं म्हणणं.

१ मार्च, शनिवार

ट्रेचा कापलेला तळ परत बसवला. चारही भोकं खालून-वरून उतार काढून आधीच बुजवली होती. पट्टीवर घट्ट इपॉक्सी, वर वाळूच्या पिशव्या, दुसऱ्या दिवशी जोडावर कापडाचे दोन थर. नाणं सगळीकडून ठोकलं.

१५ मार्च, शनिवार

लांबी, पेपर, लांबी, पेपर. शेवटी पाणीपेपर. इपॉक्सीवर जेलकोट, म्हणजे होड्यांवरचा पॉलिएस्टरचा रंगीत थर, नीट धरत नाही, म्हणून इपॉक्सी प्रायमर आणि वर दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग, रोलरने. गडद निळा. हल नंबरावर चिकटपट्टी लावून तो झाकला होता, रंगाखाली गेला तर नोंदणीच्या वेळी अडचण. रंगाबद्दल एवढंच पुरे.

२९ मार्च, शनिवार

दोन काटे, लेक, वही. नाक ३१.१, शेपूट ३२.०. एकूण ६३.१.

हिशेब जुळतो का पाहिलं: ७६.५ मधून फोम १७.८ गेला, घासण्यात अंदाजे ०.६. नवा फोम १.३, कापड-रेझिन २.४, लांबी ०.४, रंग ०.९. बरोबर ६३.१. साडेतेरा किलोला जेमतेम कमी.

शेपटीचा आकडा नाकाजवळ आला, याचा मला रंगापेक्षा जास्त आनंद झाला.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

सकाळी गुढी, दुपारी इंजिन आत. इंजिनचा कपलर आणि मधल्या शाफ्टचा कपलर एका रेषेत यायला हवेत. सरळ पट्टी वरून आणि बाजूने लावून, फटीत फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या, घालून, इंजिनाच्या पायांखाली पातळ पत्रे सारत सारत दोन तास गेले. जी आटी नव्याने बसवली होती तिथला पाय आधीपेक्षा किंचित उंच आलाय, एक पत्रा कमी लागला. ईव्हीएच्या, म्हणजे मऊ फोमसारख्या प्लास्टिकच्या, नव्या चटया चिकटवल्या. एकही स्क्रू नाही.

१२ एप्रिल, शनिवार

शेजाऱ्यांच्या पोहण्याच्या तलावात अर्धा तास तरंगवली, इंजिन चालू न करता. हुड उघडून आत कोरडा कागद ठेवला होता. कोरडाच निघाला. शेपूट आता पाण्यावर उचललेली दिसते.

१९ एप्रिल, शनिवार

सग्वारो लेक. सॉल्ट नदीवर १९३० मध्ये बांधलेल्या धरणाचं पाणी, दोन्ही बाजूंना उभे कडे. पाणी अजून गार, वेटसूट लागला. पेट्रोलमध्ये तेल पन्नासास एक. लाइफ जॅकेट आणि मनगटाला इंजिन बंद करायची दोरी, हे दोन्ही इथे कायद्यानेच लागतं आणि एरवीही मी ते सोडलं नसतं.

उभं राहायला चौथ्या वेळी जमलं. वेग कमी असताना ती खाली बसते, गुडघ्यावर राहून थ्रॉटल द्यावा लागतो, मग शेपूट वर येते आणि तेव्हाच उठायचं. पन्नास मिनिटं चालवली. तीन वेळा पडलो, दोनदा ती आपली आपण पालथी होऊन परत सरळ झाली.

रात्री काकांना फोन. तिकडे रविवारची सकाळ. व्हिडिओ दाखवला, निळा रंग दाखवला.

"वजन केलंस?"

अजून नाही म्हटलं.

२६ एप्रिल, शनिवार

आठवडाभर गॅरेजमध्ये उभी होती. टाकी आणि बिल्ज, म्हणजे हलचा आतला तळ, रिकामी करून आज काट्यांवर ठेवली. पूर्ण स्की, इंजिनसकट. पाडव्यानंतर, पाण्यात घालण्याआधी: १३५.८. आज: १३५.८. काकांना आकडा कळवला.

पोलच्या खालच्या बुशमध्ये थोडा खुळखुळाट आहे. पुढच्या शनिवारी तो.